जमिनीचा घसारा

केयूरला यादी हवी होती. फोनवर तो फार अदबीने बोलला. "ताई, घाई नाही. पण रविवारी आम्ही येतोच आहोत, तोवर झाली तर बरं. खोल्यांमधलं सामान, होडी, इन्व्हर्टर, सगळंच. प्रत्येक वस्तू कधी घेतली, कितीला घेतली, आज पुस्तकात किती किमतीला आहे आणि अजून किती वर्षं चालेल."

मी कोल्हापूरला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. याद्या करणं हे माझं रोजचं काम. तरीही वहीच्या पानावर रकाने आखताना शेवटच्या रकान्याचं नाव लिहायला मला वेळ लागला. आधी 'अजून किती वर्षे' लिहिलं, मग खोडून 'उरलेलं आयुष्य' लिहिलं. बाबा तसंच लिहायचे.

देवबागला आमचं पाच खोल्यांचं होमस्टे आहे. एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधल्या वाळूच्या पट्टीवर आमचं आवार आणि आवाराच्या मधून जाणारा रस्ता. खाडीकडे राहतं घर आणि तीन खोल्या, समुद्राकडे दोन खोल्या आणि माड. बाबा मालवणात खरेदी-विक्री संघात हिशेबनीस होते. ती नोकरी सोडून त्यांनी हे सगळं उभं केलं आणि पंचवीस वर्षं चालवलं. नोव्हेंबरात ते गेले. आईने शेजारच्यांच्या मदतीने हंगाम कसाबसा फेब्रुवारीपर्यंत ओढला. मग एक दिवस तिनेच मला फोन केला आणि म्हणाली, "गो, आता इकूया. माझ्ये गुडघे पाच खोल्यांचे नाय रवले."

केयूर आणि गौरजा सांगलीचे. छापखाना विकून समुद्राकाठी काहीतरी करायचं त्यांच्या मनात होतं. आमच्याकडे दोनदा राहून गेले होते. तोंडी सत्तर लाख ठरले होते. त्यात कुडाळला माझ्या मावशीच्या इमारतीत दोन खोल्यांचा फ्लॅट आणि उरलेल्याच्या व्याजावर आईचं पुढचं आयुष्य. बाबांना पेन्शन नव्हती. आईजवळ दुसरं काही नव्हतं. म्हणून रविवारी सगळं नीट पार पडायला हवं होतं आणि म्हणून मी आठवड्याची रजा काढून आले होते.

पुस्तकातली किंमत भाईंकडे मिळणार होती. मालवणात भरडावर, औषधाच्या दुकानाच्या माडीवर, भाई सामंतांचं ऑफिस. आमचे कर-सल्लागार.

"बस गो. चाय घेतलंस?"

"घेतलंय, भाई."

"खोटा बोलतंस. अगदी बापाशीसारख्या." त्यांनी खिडकीतून खाली दोन चहा सांगितले आणि संगणकावरून एक कागद छापून माझ्यापुढे सरकवला. त्यावर तीनच ओळी होत्या. इमारत, फर्निचर, यंत्रसामग्री.

"ह्येच्यात पंखे खंय आसत?"

"यंत्रसामग्रीत. पंखे, मिक्सर, फ्रीज, सगळे एकाच टोपलीत. कायद्यान टोपली बगूची, पंखो बगूचो नाय. टोपलीत जा काय उराला, तेच्यावर दरवर्साक पंधरा टक्के घसारो. फुडल्या वर्साक परत उरलेल्यावर पंधरा टक्के."

"मगे ता संपता कधी?"

"कसा संपात? पंधरा जातत, पंच्याऐंशी रवतत." भाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "तुमचो अठ्ठ्याण्णव सालचो पंखो ह्या कागदावर अजून साडेपाच रुपये जिवंत आसा."

तो पंखा मी कॉलेजात असतानाच भंगारात गेला होता. तसं मी सांगितलं.

"म्हायत आसा. तुझ्या बाबान सांगलेल्यान. दर वर्साक सांगायचो. 'भाई, तुमचे पंखे मरनत नाय आणि माझे जगनत नाय.'" ते हसले आणि मग टेबलावरच्या शिक्क्याशी उगाच खेळत बसले. चहा आला. कान तुटलेला कप त्यांनी स्वतःकडे घेतला. "तेचो रजिस्टर आसा मा घराक? तोच घे. एकेक वस्तू तेच्यात गावतली. फक्त एक ओळ सोड."

"खंयची?"

"जमिनीची." भाई पुढे वाकले. "जून म्हयनो इलो की तो हयसर येवन बसायचो, तू बसलंस त्याच खुर्येर. 'भाई, समुद्राकडची जमीन यंदा सवादोन फूट झिजली, वजा करा.' मी सांगायचंय, जमिनीक घसारो नसता. घर झिजता, यंत्र झिजता, जमीन झिजना नाय. सगळ्या पुस्तकांनी लिवलेला आसा. तर तो म्हणायचो, 'पुस्तक लिवणारो देवबागाक एक पावसाळो तरी रवलो काय?' मी लाल पेनान ओळ मारायचंय. फुडल्या जूनाक परत तीच ओळ. सोळा-सतरा वर्सां छळल्यान माका."

"तुम्ही कधी चिडलात नाय?"

"चिडलंय तर! एकदा तेका जिन्यापर्यंत ओरडत गेलंय. दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी हाती बांगडे धाडल्यान." भाईंनी कागद पाकिटात घातला आणि पाकीट माझ्या हातात देताना म्हणाले, "यंदा जूनात मी कोणाशी भांडतलंय ता माका म्हायत नाय."

रजिस्टर पाहुण्यांच्या नोंदवहीखाली, टेबलाच्या खणात होतं. लांबट, लाल कापडी पाठीचं, संघात वापरत तसं. दुपारी आई ओसरीवर सुकट निवडत बसली होती. मी तिच्या शेजारी बसून वाचायला लागले.

बाबांचा हिशेब भाईंसारखा टोपलीचा नव्हता. वस्तूची किंमत घ्यायची, भंगारवाला शेवटी जे देईल ते वजा करायचं आणि उरलेली रक्कम वस्तू जितकी वर्षं चालेल तितक्यांत समान वाटायची. अशी सरळ रीत. पण वर्षं किती ते त्यांनी कुठल्याही तक्त्यातून घेतलं नव्हतं. रजिस्टरात दोन रकाने होते, 'खाडीकडे' आणि 'दर्याकडे'. एकाच दिवशी एकाच दुकानातून आणलेले दोन पंखे. खाडीकडच्याला सात वर्षं, दर्याकडच्याला तीन. समुद्राकडून येणारा खारा वारा त्यांनी असा आकड्यात बसवला होता. बिजागऱ्या, कुलुपं, नळ, आरसे, सगळ्यांना दोन आयुष्यं. आरशासमोर लिहिलं होतं, 'दर्याकडे वर्षे चार. नंतर माणूस दिसतो, पण ओळखू येत नाही.'

मी ते मोठ्याने वाचलं. आई सुकट पाखडता पाखडता हसली. "वाच फुडे."

"गाद्या. हंगाम चार. लहान मुलांची मंडळी आल्यास तीन." 

"बरोबर आसा."

"चहाचे कप. घसारा नाही. फुटतात."

"वाच."

"मिक्सर. कंपनी म्हणते वर्षे पाच. सुभद्रेच्या हाती दोन."

"मेलो!" आईने सूप खाली ठेवलं. "आणि वाटप कोण मोठमोठ्यान मागायचो? 'सुभद्रा, खोबरा बारीक होया, सुभद्रा, अजून बारीक.' मिक्सर मोडतलो नायतर काय? ता नाय लिवल्यान कधी?"

ते लिहिलं नव्हतं. मी पानं उलटत राहिले. अशा शंभर नोंदी होत्या आणि प्रत्येक नोंदीत थोडं कोणीतरी होतं. मी अशी पुस्तकं वाचलेली आहेत ज्यांत माणूस स्वतःविषयी शेकडो पानं लिहितो आणि शेवटी हाती काही लागत नाही. बाबांनी स्वतःविषयी एक ओळही लिहिली नव्हती.

शेवटच्या काही पानांवर जमीन होती. दोन हजार सहा साली समुद्राकडच्या दोन खोल्या बांधल्या तिथपासून दर वर्षी एक ओळ. तारीख नारळी पौर्णिमेची. नारळ समुद्राला देऊन झाला की पुनवेच्या भरतीला, चार नंबरच्या खोलीच्या जोत्यापासून समुद्राने कातरलेल्या कडेपर्यंत टेप लावायची. त्या दिवसापर्यंत समुद्राने पावसाळ्यात जेवढं खायचं तेवढं खाल्लेलं असतं. हिवाळ्यात वाळू परत येते, मार्चात तर पुळण इतकी रुंद होते की खाल्लेलं काही दिसतच नाही. बाबांनी पानाच्या कडेला लिहिलं होतं, 'मार्चात साठ फूट दिसते. धरू नये. ती वाळू पाहुणी.'

पहिल्या वर्षी अठ्ठावन्न फूट. मग छप्पन्न. एका वर्षी एकदम चार फूट गेले होते, एका वर्षी काहीच नाही. गेल्या ऑगस्टची ओळ शेवटची. अक्षर थोडं मोठं आणि वाकडं झालेलं. '२१ फूट. सुभद्रा २२ म्हणते. तिने टेप सैल धरली. २१ धरले.' त्याखाली भागाकार. उरलेलं आयुष्य, वर्षे साडेनऊ. सातबाऱ्यावर समुद्राकडचे नऊ गुंठे होते, बाबांच्या हिशेबात सात.

आईचा हात थांबला होता. मी काय वाचते आहे ते तिला न सांगता कळलं.

"ता पान तेंका देव नको," ती म्हणाली.

"आये..."

"सातबाऱ्यार नऊ गुंठे आसत काय नाय?"

"आसत."

"भाईंच्या कागदार जमिनीक घसारो आसा?"

"नाय."

"मगे झाला. सरकार म्हणता नऊ, भाई म्हणतत झिजना नाय. तुझो बापूस काय सरकारापेक्षा मोठो होतो?"

"पण तेंका म्हायत नसतला. ते मार्चात बगतले. दोनदा इले ते पण जानेवारीतच."

"डोळे देवान दिल्यान ना तेंका? समुद्र काय मी पदराखाली झाकून ठेवलंय?" तिने सूप पुन्हा उचललं, पण पाखडलं नाही. "बाबाक जमीन वजा करूचा याड होता. होवंदे. तेका ता परवडायचा, तो कमावत होतो. मी काय कमावतंय? सात गुंठे म्हटल्यार पैशे तुटतले. पैशे तुटले की कुडाळचो फ्लॅट गेलो. मगे मी तुझ्या घराक येवन रवा? जावयबापूंच्या बैठकीत?"

माझा नवरा चांगला आहे, असं मी म्हणणार होते. पण प्रश्न तो नव्हता हे दोघींनाही माहीत होतं. आई अडुसष्ट वर्षांची आहे. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासमोर एक रक्कम होती आणि ती रक्कम तिची होती.

मी यादीत जमिनीपुढे लिहिलं, 'घसारा नाही'. खोटं काहीच नव्हतं.

पुढचे तीन दिवस मी खोल्या मोजल्या. रजिस्टर हातात घेऊन एकेका वस्तूपाशी जायचं, नोंद शोधायची, उरलेलं आयुष्य उतरवायचं. खाडीकडच्या तिन्ही खोल्यांत काम सरळ झालं. चार नंबरच्या खोलीत अडलं. बाबांच्या हिशेबाप्रमाणे तिथल्या बिजागऱ्यांना अजून दोन वर्षं होती, पण दार उघडताना त्या कुरकुरल्या आणि माझ्या बोटांना तांबडी पूड लागली. आईला विचारलं. म्हणाली, "दर आयतवारी तेल घालायचो. सगळ्या कड्यांक, बिजागऱ्यांक. एक तास जायचो तेचो. मी म्हणायचंय, तेल फुकट मिळता काय?"

म्हणजे रजिस्टरातली ती दोन वर्षं एका माणसाला धरून काढलेली होती. नोव्हेंबरापासून तो माणूस नव्हता आणि चार महिन्यांत गंज पुढे सरकला होता. मी समुद्राकडच्या सगळ्या नोंदी पुन्हा तपासल्या. जिथे दोन होती तिथे एक केलं, जिथे एक होतं तिथे शून्य. मग यादी बाजूला ठेवून स्वयंपाकघरातून तेलाची बुदली आणली आणि दोन्ही खोल्यांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. त्याने यादीत काही फरक पडणार नव्हता. आईने पाहिलं, पण तेलाचा भाव काढला नाही.

रविवारी अकराच्या सुमारास केयूर आणि गौरजा आले. केयूर उंच, चष्मेवाला, सतत हसतमुख. गौरजा बुटकी, शांत, पर्समध्ये टेप आणि वही घेऊन आलेली. आईने त्यांना पन्हं दिलं. केयूर प्यायला आणि ग्लास हातात धरूनच समुद्राकडे चालू लागला.

पुळण त्या दिवशी अशी पसरली होती की मलाही क्षणभर वाटलं, बाबांचं काहीतरी चुकलं असेल. पांढरी, कोरडी, लांबपर्यंत. पाणी कुठेतरी दूर.

"हे सगळं आपल्यात येतं?" केयूरने विचारलं.

"पुळण कोणाचीच नसते," मी म्हणाले. एवढंच म्हणाले.

परत येऊन आम्ही ओसरीवर बसलो. यादी चौदा पानांची झाली होती. केयूर पान पान वाचत होता, मध्येच हसत होता. "आमच्या छापखान्यात माझे वडील अशीच यादी ठेवायचे, पण तुमच्या बाबांचे शेरे भारीच आहेत. आरशाचा बघ गं, गौरजा." शेवटच्या पानावर तो आला. "जमीन, घसारा नाही. बरोबर, जमिनीला नसतोच." त्याने पान उलटलं.

आई दारात उभी होती, माशाला मसाला लावलेले हात धरून. मी पन्ह्याचे रिकामे ग्लास गोळा करायला लागले.

गौरजाने वही उघडली. "काकी, आम्ही काय ठरवलंय सांगते. समुद्राकडच्या दोन खोल्यांच्या पुढे एक मोठं स्वयंपाकघर बांधायचं. उघडं, तिन्ही बाजूंनी. लोकांना समोर समुद्र दिसत जेवता येईल. जोत्यापासून पंचवीस फुटांवर. खाली काँक्रीट, वर कौलं. बारा लाखांचा अंदाज निघालाय. केयूरच्या आई पैसे देताहेत, त्यांचं एक शेत होतं ते त्यांनी..."

"खंय?" आईने विचारलं.

"कुठे म्हणजे? इथून पुढे. त्या दोन माडांच्या रेषेत."

"थंय नको."

"का, काकी? वारा लागेल म्हणून? आम्ही बांबूचे पडदे लावणार."

"वाऱ्याचा नाय. थंय..." आई थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली यादीकडे. "थंय पाणी येतं."

"भरतीला?" केयूरने मान उंचावून पाहिलं. "एवढ्या वर?"

आईने थोडा वेळ वाट पाहिली. कशाची ते मला कळलं नाही. बहुधा मी काहीतरी बोलावं म्हणून. मग ती माझ्यावर ओरडली, जणू सगळं मीच केलं होतं. "अगो, बसलंस काय अशी? हाड तो रजिस्टर! नायतर ही पोरां पाण्यात चूल मांडतली आणि म्हातारेचा शेत तेच्यात घालतली!"

मी रजिस्टर आणलं. पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. अठरा ओळी होत्या. केयूर बोट लावून एकेक वाचत गेला. हसू मध्येच कुठेतरी गेलं.

"हे मोजलेलं आहे? खरंच?"

"टेप मीच धरायची," आई म्हणाली. "पाण्याच्या अंगाक मी, जोत्यापाशी ह्ये. दर वर्षी लुगडं भिजायचं माझं."

गौरजाने मोबाइलवर भागाकार केला. "सतरा वर्षांत सदतीस फूट. म्हणजे वर्षाला दोनाच्या वर. उरले एकवीस. नऊ वर्षं, काकी?"

"साडेनऊ. खाली लिवलंय बघ."

"ती दगडांची भिंत आहे ना वर, बंधाऱ्याची?"

"ती चार घरं पलीकडे संपते," मी म्हणाले. "आमच्यापर्यंत कधी येईल माहीत नाही. येईल असं धरून मी यादी करू शकत नाही." आणि मग, कारण ते सांगायलाच हवं होतं, "सातबारा नऊ गुंठ्यांचा आहे. प्रत्यक्षात सात. हे मी यादीत लिहिलं नव्हतं."

केयूरने रजिस्टर मिटलं. ती दोघं उठून बाहेर गेली आणि माडांच्या रेषेत जाऊन उभी राहिली. बराच वेळ बोलत होती. गौरजा हाताने काहीतरी आखत होती.

आई चुलीपाशी गेली. मी मागोमाग गेले. तव्यावर सुरमईचे तुकडे टाकताना ती म्हणाली, "गेले आता. जेवन तरी जातले मा?"

"तू सांगलंस ता बरा केलंस."

"बरा-बिरा काय नाय. तुका म्हायत आसा ता स्वयंपाकघर पहिल्या पुनवेक गेला असता? गॅसच्या शेगडीसकट? आणि ती गौरजा माका 'काकी' म्हणता." तिने तुकडा उलटला. "तुझ्या बापाशीन सतरा वर्सां माका पाण्यात उभी करून ठेवल्यान. आता ह्येच्यासाठी."

जेवायला बसेपर्यंत कोणी विषय काढला नाही. केयूरने दोनदा सोलकढी मागून घेतली. मग ताटावरच, बोटं चाटत असताना, गौरजा म्हणाली, "काकी, स्पष्ट बोलू?"

"बोल."

"समुद्राकडचं आम्हाला नको. म्हणजे परवडणार नाही. नऊ वर्षांत संपणारी वस्तू आम्ही आजच्या भावात घेतली तर सासूबाईंना तोंड कसं दाखवू? खाडीकडचं सगळं घेतो. घर, तीन खोल्या, होडी, सामान. चव्वेचाळीस लाख."

मी मनात कुडाळचा फ्लॅट वजा केला. उरलेल्याच्या व्याजावर आई जगू शकत नव्हती.

आईने मात्र ताटातला काटा बाजूला काढून ठेवला आणि शांतपणे विचारलं, "आणि दर्याकडच्यो दोन खोल्यो कोणाक देव? समुद्राक?"

"त्या तुमच्याच राहतील."

"मगे माका फ्लॅट कित्याक होयो?" हे ती मला म्हणाली. मग त्यांच्याकडे वळली. "पन्नास."

"काकी, पन्नास नाही हो. पंचेचाळीस."

"तीन पंखे खाडीकडचे. सात सात वर्षांचे. ही यादी बघ, माझ्या लेकीने केलीय. तुझ्या सांगलीत मिळतात काय सात वर्षांचे पंखे?"

केयूर मोठ्याने हसला. गौरजाने त्याच्याकडे रागाने पाहिलं. सत्तेचाळीसवर दोघी थांबल्या, आणि थांबल्या तेव्हा मला वाटलं, दोघींनाही आणखी थोडं भांडायला आवडलं असतं.

"आये," मी म्हणाले, "तू हय एकटी रवतलंस? दर्याकडे?"

"एकटी कशी? हे आसत मा फुड्यात. रस्तो ओलांडलो की झाला. पावसात चार म्हयने ताईकडे जाईन कुडाळाक, पैशे घेवन जाईन, फुकट नाय रवणार. आणि साडेनऊ वर्सां. मी अडुसष्ट." तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि मोजणं सोडून दिलं. "रगड झाली. मगे समुद्र आणि मी बगून घेव."

मला ते पटलं नव्हतं. अजूनही पुरतं पटलेलं नाही. तिच्या गुडघ्यांचं, पावसाळ्याचं, रात्री भरतीचा आवाज किती जवळून येईल त्याचं मी दिवसभर मनात मांडत होते. पण फ्लॅटचे पैसे वाचत होते, सत्तेचाळीसचं व्याज तिला पुरत होतं आणि ती त्या दिवशी जशी ताटावर बसली होती तशी मी तिला नोव्हेंबरापासून पाहिली नव्हती.

मी वही घेतली आणि नवा कागद काढला. समुद्राकडच्या सगळ्या नोंदी यादीतून गाळल्या. चौदा पानांची दहा झाली. मग केयूर म्हणाला त्याप्रमाणे अटी लिहायला घेतल्या. पहिली रक्कम. दुसरी ताबा, मे महिन्यानंतर. तिसरी होडीचा परवाना.

"चौथी लिव," आई म्हणाली. "सकाळचो नाश्तो पावण्यांक माझ्याकडसून."

गौरजाने डोकं वर केलं. "पण काकी, तुमचे गुडघे..."

"नाश्तो काय गुडघ्यांनी करतत? पाच खोल्यांक नाय जमाचा, तीन खोल्यांक जमता. घावणे, आंबोळ्यो, शिरवाळे. तुका येतत शिरवाळे?"

"नाही."

"मगे? लिव गो."

"ताटामागे किती?" गौरजाने विचारलं. वही तिनेही पुन्हा उघडली होती.

"ऐंशी."

"साठ. पीठ आमचं."

"पीठ तुमचा तर सत्तर. नारळ माझे. दर्याकडच्या माडांचे, ते मी इकले नाय."

"सत्तर," गौरजा म्हणाली. "किती वर्षांसाठी लिहायचं?"

मी पेन धरून थांबले. आईने केयूरचं सोडून बाकीची उष्टी ताटं एकावर एक रचायला घेतली होती.

"ता लिवचा नाय," ती म्हणाली. "तू सत्तर लिव आणि केयूराक अजून वाईच भात वाढ."